लेकराचं अंगडं-टोपडं आणि बाळंतविडा घरी शिवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली मापं इंचात आहेत, कापड मीटरमध्ये, दुकानात आणि टेपवर चालतं तसंच. वय तान्ह्या बाळापासून साधारण ६ वर्षांपर्यंत धरलंय. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: लहान लेकराचा कपडा आधी उलटा करून बघायचा. लेस आणि झालर बघणाऱ्याला दिसते. आतली जाड शिलाई, दोऱ्याची गाठ, कापडातली खळ मात्र लेकराच्या अंगाला लागते, आणि त्याला ते सांगता येत नाही.

पहिल्यांदाच मशीनवर बसणार आहे. सुरुवात कशापासून करू?

दुपट्यापासून. सरळ शिलाया, चार कोपरे, गळा नाही, बाही नाही. दुहेरी दुपट्याला ४४ पन्ह्याचं (म्हणजे ४४ इंच रुंदीचं) मलमल सव्वादोन मीटर लागतं. धुवून वाळवून ४१ इंचांचे दोन चौरस कापा, सुलट बाजू आत ठेवून अर्ध्या इंचावर चारही बाजू शिवा, एका बाजूला ४ इंच फट ठेवा. उलटवण्याआधी कोपऱ्यांची टोकं तिरकी छाटा, नाहीतर कोपरा गोळा होऊन टोचतो. उलटवून फट हाताने बंद करा आणि कडेपासून पाव इंचावर सगळीकडून एक टीप फिरवा. मधोमध अधिक चिन्हासारख्या दोन टिपा मारल्या की धुताना आतला थर सरकत नाही.

मग इलॅस्टिकची चड्डी, मग झबलं, मग फ्रॉक. झबल्याआधी फ्रॉकला हात घातला की मुंढ्यात (बाही जोडायच्या गोलाईत) अडकायला होतं.

कापड कोणतं घ्यावं? दुकानदार सगळ्यालाच "प्युअर कॉटन" म्हणतो.

मार्च ते जूनमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४० च्या वर जातो. तेव्हा तान्ह्या बाळाला मलमल, नाहीतर धुवून मऊ झालेलं जुनं सुती लुगडं किंवा धोतर, यापलीकडे काही नको. रांगत्या-चालत्या लेकराला कॅम्ब्रिक चांगलं, गुडघ्याशी लवकर विरत नाही. पॉपलीन टिकतं, पण विणीला घट्ट असल्यामुळे उन्हाळ्यात उकडतं; ते दिवाळीनंतर वापरा. मांजरपाट स्वस्त आहे खरा, पण त्यातली खळ दोन-तीन धुण्यांशिवाय निघत नाही. रेयॉन हाताला गार आणि मऊ लागतं, धुतल्यावर सुतीपेक्षा जास्त आटतं आणि ओलं असताना कमजोर होतं.

भेसळ ओळखायची असेल तर कापडाच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढा, चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि राख बोटात चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि टोकाला कडक मणी होतो. दोन्ही धागे जाळायचे, कारण पुष्कळदा ताणा सुती आणि बाणा मिश्र असतो.

थंडीसाठी फ्लॅनेल घेता ना? त्याची लव पटकन पेट घेते. ज्या घरात बाळंतिणीला शेक देतात, शेगडी पेटती असते, धुरी देतात, तिथे फ्लॅनेलचं सैल झबलं घातलेलं बाळ निखाऱ्याजवळ न्यायचं नाही. नायलॉनची झालर तर याहून वाईट, ती वितळून कातडीला चिकटते. शेकाच्या वेळी अंगाला बसतं, बाह्या अरुंद असलेलं साधं सुती घालावं.

कापड न धुता कापलं तर चालेल का? घाई आहे.

नाही. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. २० इंचांचा फ्रॉक त्यात इंचभर तोकडा होतो, आणि गळा आटला तर डोक्यातून जाणंच बंद. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी साबणाने धुवा, न पिळता वाळत घाला, थोडं दमट असताना उभ्या धाग्यात इस्त्री करा. तिरकी इस्त्री ओढली की चौरस कापड तिरपं होतं आणि मग कपड्याची एक बाजू कायम खाली लोंबते.

तान्ह्याला कोरा कपडा घालू नये असं घरातली म्हातारी माणसं सांगतात, ते अगदी बरोबर आहे. कोऱ्या कापडात खळ आणि रंगाचा उरलेला अंश असतो, तो नाजूक कातडीला लागतो.

बोअरच्या पाण्याने धुणं असेल तर क्षारामुळे साबण नीट सुटत नाही आणि मलमलसुद्धा पापडासारखं कडक वाळतं. साबण कमी वापरा, शेवटच्या खळबळीच्या बादलीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. पाण्याची टंचाई असली तरी ही शेवटची खळबळ वाचवू नका.

लेकराचं माप घ्यायला ते थांबतच नाही. अंदाजे मापं सांगाल?

अंदाज असा: जन्मतः छाती १३ इंच, ६ महिन्यांना १७, वर्षाला १८ ते साडेअठरा, २ वर्षांना २०, ३ ला २१, ५ वर्षांना साडेबावीसच्या आसपास. अंगात बसणारा लेकराचा जुना कपडा सपाट पसरून मोजणं याहून भरवशाचं.

डोकं मात्र वेगळं मोजा, कारण घोटाळा तिथेच होतो. जन्मतः बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं, साधारण साडेतेरा-पावणेचौदा इंच. वर्षाच्या सुमारास डोकं आणि छाती सारखी होतात, साडेअठराच्या जवळपास. २ वर्षांच्या लेकराचं डोकं १९ इंच, ५ वर्षांच्याचं २० इंच. म्हणजे मोठ्यांच्या ब्लाउजसारखा मानेच्या मापाने गळा काढला तर तो लेकराच्या डोक्यातून जाणार नाही.

फ्रॉक सुंदर झाला, पण डोक्यातून जात नाही. आता काय करू?

मागे उघड द्या. हिशोब सोपा आहे: गळ्याचा घेर, अधिक उघडीच्या लांबीची दुप्पट. गळा १२ इंच असेल आणि मागे ४ इंच उघड दिली तर १२ अधिक ८, म्हणजे २० इंच. १९ इंचांचं डोकं सुखाने जातं. ३ इंच उघडीत १८ च होतात, तेव्हा ओढाताण होते, लेकरू रडतं आणि पुढच्या वेळी तो फ्रॉक बघूनच पळतं.

शिवून झालेल्या फ्रॉकला पाठीच्या मध्यावर सरळ काप देऊन दोन्ही कडांना सव्वा इंच रुंद पट्टी लावा. कापाच्या तळाशी टीप दोनदा उलटसुलट मारा, तिथेच फाटायला सुरुवात होते. पुढच्या वेळी कापण्याआधीच टेपची टोकं जोडून गळा आणि उघड मिळून होणाऱ्या मापाएवढं वेटोळं करा आणि लेकराच्या डोक्यातून घालून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

झबल्याची बेतणी (आखणी आणि कापणी) नीट सांगा, इंचासकट.

३ ते ६ महिन्यांच्या बाळासाठी, छाती १७ धरून. ३६ पन्ह्याचं कापड ८० सेंटिमीटर घेतलं तर धुवून आटल्यावर त्यात दोन झबली बसतात. प्रत्येकाला २८ गुणिले १७ इंचांचा तुकडा, २८ ची बाजू उभ्या धाग्यात.

तुकडा आधी आडवा दुमडा म्हणजे १४ इंच उंची होते, मग उभा दुमडा म्हणजे साडेआठ इंच रुंदी. वरची घडी खांद्यांची, बाजूची घडी छाती-पाठीच्या मध्याची. दोन्ही घड्या मिळतात तो कोपरा गळ्याचा. तिथून खांद्याच्या घडीवर २ इंच आणि मध्याच्या घडीवर पाऊण इंच खूण करून गोलाई जोडा आणि चारही पदर कापा. हा मागचा गळा. आता पुढचा भाग तेवढा उचलून त्याची गोलाई मध्यावर २ इंचांपर्यंत खाली न्या. पाठीचा पदर त्यात सापडला तर गळा मागेही खोल जातो आणि झबलं खांद्यावरून घसरतं, म्हणून हे कापताना पाठीचा भाग पूर्ण बाजूला घ्या.

बाहीसाठी खांद्याच्या घडीच्या दुसऱ्या टोकापासून ४ इंच खाली या. तिथून आत, मध्यापासून पावणेसात इंचांपर्यंत आडवी रेघ. मग गोलाईने वळून पावणेसहा इंचांवर उतरा आणि खालच्या कडेला साडेसहावर पोचा. बगलेत काटकोन ठेवू नका, गोलाईच हवी. शिवून छातीचा घेर २१ इंच होतो, म्हणजे ४ इंच सैल. एवढं सैल लागतंच. कमी केलं तर बाही चढवताना बाळाचा हात मुरगळतो.

पुढचा मध्य गळ्यापासून खालपर्यंत सरळ कापा. डोक्यातून घालायचं झबलं तान्ह्याला नकोच, आणि पाठीवर बंद बांधायचं तर त्याहून नको, कारण बाळ दिवसभर पाठीवर झोपतं आणि गाठी रुततात.

बाजूची शिलाई दुहेरी घाला. आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचाच्या थोडं आत टीप मारा, कडा अर्ध्या करून छाटा, बगलेच्या गोलाईत तीन-चार बारीक कातर द्या, टीप न कापता. कपडा उलटवून पाव इंचावर दुसरी टीप. सुटे धागे आत बंद होतात. कातर दिली नाही तर बगलेत चुणी पडते, आणि उन्हाळ्यात त्याच चुणीखाली घामोळं उठतं.

गळ्याला आणि पुढच्या दोन्ही कडांना क्रॉस (तिरक्या धाग्यात कापलेली) पट्टी, सव्वा इंच रुंद, एका झबल्याला ३६ इंच. जुन्या मऊ साडीचा १२ इंची चौरस कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका कापत गेलात तर दोन झबल्यांची पट्टी निघते. सरळ धाग्यातली पट्टी गोलाईवर बसत नाही, ती उभी राहते. गोल भागावर पट्टी किंचित ओढून लावा आणि गळा अजिबात ओढू नका. उलट झालं की गळा लाटेसारखा उठतो. बाह्या आणि खालची कड पाव इंच दोनदा दुमडून शिवा.

बंद ५ इंचांचे, दोन जोड्या. पहिली जोडी गळ्यापासून २ इंच खाली, छातीवर, दुसरी त्याखाली ३ इंचांवर. गळ्याशी बंद नाही.

गळ्याशी नाडी का नको? कुंचीला तर असतेच.

कारण ती पाळण्याच्या खिळ्यात, झोळीच्या दोरीत, सायकलच्या चाकात अडकते आणि फास बसतो. युरोपातल्या मानकात ७ वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला नाडी चालत नाही, ती याच कारणासाठी.

कुंची शिवाच, पण हनुवटीखाली नाडीऐवजी एक टिचबटण किंवा १ इंचाचा वेल्क्रो लावा. ओढ बसली की तो सुटतो. वेल्क्रोची खरखरीत बाजू बाहेर तोंड करून राहील अशी लावायची, मानेकडे नाही. बेतणी अशी: डोक्याचा भाग १४ गुणिले ८ इंच. १४ ची वरची कड मधोमध दुमडून शिवली की टोपरं होतं. खालच्या १४ इंचांच्या कडेला २८ गुणिले १२ इंचांचा घेर चुण्या घालून जोडा. कापायच्या आधी सगळीकडून अर्धा इंच शिलाईचा वाढवा. आतून मलमलचं अस्तर हवंच, नाहीतर चुण्यांची जाड शिलाई नेमकी मानेवर येते.

बाळाला बाहेर नेताना कुंची घाला, झोपवताना काढा. झोपेत ती नाकावर सरकते, आणि बाळाच्या अंगातली उष्णता डोक्यावाटेच जास्त बाहेर पडायची असते, ती कोंडते.

टिचबटण, साधं बटण, मोती: काय चालेल?

३ वर्षांखालच्या लेकराच्या कपड्याला मोती, घुंगरू, टिकली, कुंदन काहीही नको. तोंडात घालण्याचं वय आहे. बटण लावायचंच तर चार भोकांचं, सपाट, दुहेरी दोऱ्याने, प्रत्येक जोडीत पाच-सहा वेळा ओवून, आणि गाठ बटण व कापडाच्या मध्ये. लावल्यावर चिमटीत धरून जोरात ओढा. हललं तर काढून पुन्हा लावा. पातळ मलमलवर बटणाच्या मागे कापडाचा छोटा दुहेरी तुकडा ठेवला नाही तर बटण कापडासकट उपटून येतं.

चड्डीच्या इलॅस्टिकचे वळ उठतात.

इलॅस्टिक अरुंद किंवा आखूड आहे. अर्धा ते पाऊण इंच रुंद घ्या. लांबी कमरेपेक्षा दीड इंच कमी, अधिक अर्धा इंच जोडाला. जोड एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारा, गाठ मारू नका. नेफा (इलॅस्टिक ओवायची दुमड) इलॅस्टिकपेक्षा पाव इंच रुंद हवा, नाहीतर इलॅस्टिक आत मुरडून दोरीसारखं होतं आणि तेच रुततं. घातल्यावर दोन बोटं आरामात जावीत. मांडीला इलॅस्टिक घालू नका, साधी दुमड पुरते.

करदोडा असलेल्या बाळाच्या चड्डीचा नेफा करदोड्याच्या खाली बसेल असा ठेवा. दोन्ही एकाच जागी आले की कमरेला चट्टा पडतो.

जुन्या साडीचं कापड किती दिवस टिकेल? कुठला भाग घ्यावा?

साडीचा खालचा काठाजवळचा भाग आणि बसण्याची जागा झिजलेली असते. आत खोचला जाणारा भाग सगळ्यात चांगला राहतो. खिडकीच्या उजेडात धरून बघा; जिथे वीण विरळ दिसते तिथे खडूने खूण करा. मग दोन्ही हातांचे अंगठे जवळ ठेवून कापड ताणा. चर्र आवाज आला तर ते कापड दुपट्याच्या आतल्या थराला किंवा वाकळीला (गोधडीला), कपड्याला नाही. धागे सरकून फक्त मोकळे झाले तर झबल्याला चालतं, पण शिलाई अर्ध्या इंचावर घ्या. विरळ विणीत पाव इंचावरची टीप ओढून सुटते.

आजीच्या नऊवारीचं झबलं करावं का, असंही विचारतात. जरूर करा. इतकं मऊ कापड विकत मिळत नाही.

परकर-पोलकं पुढच्या वर्षीही बसेल असं शिवता येईल?

येतं, आणि तसंच शिवावं. २ वर्षांनंतर लेकरं वर्षाला साधारण अडीच इंच वाढतात, पण कमर फारशी वाढत नाही. म्हणून वाढ उंचीत ठेवायची. परकराच्या खालच्या बाजूला, दुमडीच्या वर, अर्ध्या इंचाचे तीन आडवे टक (शिवलेल्या घड्या) घाला. प्रत्येक टक १ इंच कापड खातो, म्हणजे ३ इंच शिल्लक. टकांची टीप लांब ठेवा, मशीनवर सगळ्यात मोठा टाका, म्हणजे उसवताना कापडाला भोकं पडत नाहीत. दर सहा महिन्यांनी एक टक सोडा. सोडल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते. तिच्यावर बारीक लेस लावली की झाकते.

घेर कमरेच्या अडीचपट पुरे. तिप्पट केला की खणाचं कापड जड होऊन परकर सारखा खाली घसरतो. ३ ते ५ वर्षांच्या मुलीच्या परकराला नाडीपेक्षा पोलक्यासारखी बिनबाह्यांची अस्तराची चोळी जोडून टाका. वजन खांद्यावर जातं आणि कमरेला काच पडत नाही. खणाचा पन्हा अरुंद असतो, तेव्हा मीटरचा हिशोब दुकानात पन्हा मोजूनच करा.

पोलक्याच्या बाजूच्या शिलाईत प्रत्येकी पाऊण इंच आत ठेवा, मुंढ्यात मात्र पाव इंचच. मुंढ्यात जास्त माया (शिलाईच्या आत राखलेलं कापड) ठेवली की बगलेत गोळा होतो आणि मुलगी हात वर करत नाही.

पैठणीचा किंवा हिमरूचा कपडा बाळाला चालेल का?

बारशाच्या तासाभरासाठी, अस्तर लावून. पैठणीची जर खरखरीत असते, हिमरूला उलट बाजूला सुटे धागे असतात आणि बाळाची बोटं त्यात अडकतात. अस्तर फक्त छातीला नको. बाह्या, गळ्याची कड, सगळं झाकून मलमलचं. जरीचा काठ गळ्याशी न घेता खालच्या घेराला घ्या. जुन्या पैठणीची घडी जिथे वर्षानुवर्षं होती तिथे रेशीम चिरलेलं असतं, ती रेघ बेतणीत टाळा.

बोरन्हाणाचा काळा ड्रेस शिवायचाय. रंग जातो का?

काळा बहुतेक वेळा जातोच. कापड घेतानाच पांढरा ओला रुमाल त्यावर घासून बघा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हा समज आहे. एकदा रंगवून आलेल्या कापडावर मीठ काही करत नाही. दोन-तीन धुण्यात सुटा रंग काढून टाकणं हाच उपाय, आणि आतून पांढरं मलमल.

हलवा थेट ड्रेसवर शिवू नका. मुंग्या लागतात, शिवाय ड्रेस धुताच येत नाही. काळ्या कापडाच्या दुहेरी पट्टीवर हलवा ओवून किंवा टाचून ती पट्टी गळ्याभोवती, मागे वेल्क्रोने लावा. टोपी आणि बाजूबंदही तसेच. ३ वर्षांखालचं लेकरू असेल तर फोटो झाला की दागिने काढायचे. सुटलेला दाणा घशात जाऊ शकतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत वेळ असतो, तेव्हा आदल्या रात्री शिवायला बसण्याचं कारण नाही.

मशीनवर मलमल गोळा होतं, टीप सुटते, खाली दोऱ्याचं जाळं होतं.

खाली जाळं झालं तरी दोष वरच्या दोऱ्यात असतो. फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर उचलून दोरा पुन्हा ओवा. फूट खाली असताना ओवला तर दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसतच नाही.

मलमल गोळा होतं ते सुई जाड म्हणून. मलमलला ११ नंबर, कॅम्ब्रिक-पॉपलीनला १४, वाकळीच्या थरांना १६. सुरुवात करताना कापडाची कड दात्यांच्या खाली ओढली जात असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका. टाका इंचाला १२ च्या आसपास. त्याहून लांब टाका पातळ कापडाला सुरकुत्या पाडतो.

बनियनच्या हॉजिअरी कापडावर टीप सुटते ती सुईचं टोक धागा छेदण्याऐवजी ढकलतं म्हणून. तिथे गोल टोकाची सुई लागते. ती छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या भागात शिलाईसामानाच्या दुकानांत विचारा.

तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवा. आणि सुई मोडली तर सगळे तुकडे सापडेपर्यंत तो कपडा पुढे न्यायचा नाही. लोहचुंबक फिरवा, कापड चाचपा. तुकडा मिळाला नाही तर तो कपडा बाळाला घालायचा नाही.

बाळंतविड्यात घरी शिवलेलं काय द्यावं?

दिसायला भारी नाही, वापरात येणारं द्या. सहा झबली, त्यातली दोन पहिल्या महिन्याच्या मापाची आणि चार वर दिलेल्या मापाची, कारण लहान मापाची महिन्या-दीड महिन्यात आखूड होतात आणि सगळे जण तीच देतात. चार दुपटी. २४ इंची चौरसाचे १२ लंगोट. दोन टोपडी. एक कुंची. एक वाकळ. बाळंतिणीसाठी पुढून उघडणारे दोन सैल गाऊन घातलेत तर तिला खरा उपयोग होतो, तिला कुणी सहसा काही देत नाही. सगळं धुवून, इस्त्री करून द्या. डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या पेटीतून काढून थेट देऊ नका. तो वास आणि वाफ तान्ह्याला घातक असते. धुवून दोन दिवस उन्हात टाका.

बाळाची वाकळ शिवताना मध्ये फुगते, कडेला आखडते.

दोन कारणं. एक, थर वेगवेगळ्या कापडांचे आहेत; सुती आटतं, पॉलिस्टर तसंच राहतं. सगळे थर सुती आणि आधी धुतलेले घ्या. दुसरं, कच्चा टाका न घालता कडेपासून शिवायला घेतलं की सुरकुती मध्ये जमा होते.

३० गुणिले ४० इंचांना चार थर पुरेत. जमिनीवर पसरून कडा विटांनी दाबा, मधून बाहेर चारही दिशांना लांब कच्चे टाके घाला. मग हवं तर कडेपासून धावदोऱ्याने आत फिरत या, ओळींत पाऊण इंच अंतर ठेवून. दोऱ्याची गाठ थरांच्या मध्ये ओढून घ्या, वर राहू देऊ नका. ही वाकळ बाळाच्या खाली अंथरायला. वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत जाड पांघरूण नको, ते तोंडावर येतं.

डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवून द्यायची आहे.

देऊ नका. वर्षाच्या आत उशी नकोच असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. शिलाई उसवून मोहरी सांडली तर ती नाकात, तोंडात जाते. बाळ जागं असताना, समोर बसून, थोडा वेळ पालथं ठेवणं आणि झोपवताना डोक्याची दिशा बदलत राहणं यानेच डोक्याचा एका बाजूचा दाब कमी होतो.

कापडी चेंडू गोल का होत नाही?

कळ्या (फाकेच्या आकाराचे तुकडे) मोजून कापल्या तरी शिलाईत फरक पडतो म्हणून. १५ इंच घेराच्या चेंडूला सहा कळ्या: प्रत्येकी साडेसात इंच लांब, मध्ये अडीच इंच रुंद, आणि सगळीकडून पाव इंच शिलाईचा वाढीव. प्रत्येक शिलाई नुसती एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत गेली तर सहा शिलायांत घेर दीड इंच कमी होतो, लांबी तेवढीच राहते, आणि चेंडूचा लिंबू होतो. पुठ्ठ्याची कळी करून शिलाईची रेघ आखा, कापण्याची नाही. तीन-तीन कळ्यांच्या दोन वाट्या करून मग जोडा. २ इंच फट ठेवून भरा.

भरायला सरकी काढलेला कापूस आपल्याकडे सहज मिळतो, पण धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि आत ओल राहून बुरशी येते. धुवायच्या खेळण्यात पॉलिस्टरचा कापूस किंवा बारीक कातरलेली जुनी बनियनं भरा. धान्य, थर्माकोलचे दाणे नको. बाहुलीचे डोळे दोऱ्याने भरा, मणी लावू नका. टीप दोनदा, टाका बारीक.

शेजारपाजारी मागणी आहे. विकायला सुरुवात करू का?

कपडे, दुपटी, वाकळी विकायला हरकत नाही. खेळण्यांचं वेगळं आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि कापडी बाहुली, चेंडूही त्यात येतात. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे, म्हणून खेळणी विकायची असतील तर आधी कारागीर म्हणून ही नोंदणी करून घ्या.

दर ठरवताना कापड, दोरा, पट्टी, बटण यांच्यासोबत कापड धुण्या-इस्त्रीचा वेळही धरा. न धुतलेल्या कापडाचं झबलं स्वस्त पडतं, पण पहिल्याच धुण्यात ते आटून परत येतं.